तुऱ्याच्या वर चार बोटं

“पंचवीस,” आबा म्हणाले आणि टाच मुरमात रुतवून जागच्या जागी वळले. “आता ही रेघ. हिच्या पुढं कुणी पाय टाकायचा न्हाई.”

आबांचं पाऊल तीस इंचांचं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत फौजेनं ते तसं करून घेतलं होतं, आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावरही ते लांबलं नव्हतं की आखडलं नव्हतं. पंचवीस पावलं म्हणजे एकोणीस मीटर पाच सेंटिमीटर. मी टेप लावून पाहिला. एकोणीस मीटर सात सेंटिमीटर भरले. मी तसं वहीत लिहिलं.

“लिही, लिही,” आबा म्हणाले. “बापाच्या चुका लिहायलाच तुला एमेस्सी केलाय.”

“दोनच सेंटिमीटर आहेत, आबा.”

“मग खोडून टाक.”

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेसात. कागलच्या पुढं आमचं शेत आहे आणि शेतामागं मुरमाची एक जुनी खण आहे. मुरूम संपला तशी ती ओस पडली, आणि आबांनी तिथं निशाणेबाजीची जागा केली. खणीच्या उभ्या भिंतीला ते आदल्या संध्याकाळी ओल्या मातीचा गिलावा देत. कोणाचा छर्रा कुठं गेला ते सकाळी त्या मातीत स्वच्छ दिसे. बंदूक छर्र्याचीच होती, नळी मोडून एकेक छर्रा भरायची. पण आबा तिला रायफल म्हणत आणि दुसऱ्या कुणी बंदूक म्हटलं तर उत्तर देत नसत.

त्या दिवशी खणीत आम्ही चौघं होतो. आबा, मी, माझी बहीण चैत्राली, आणि सन्मती बिरनाळे.

सन्मती शिरोळकडचा. कोल्हापुरात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. तो वनस्पतिशास्त्राचा, मी पदार्थविज्ञानाचा. एनसीसीत रायफल आम्ही एकाच दिवशी हातात धरली. माझ्या गोळ्या कुठं जात ते शोधावं लागे, त्याच्या शोधाव्या लागत नसत. आता तो जयसिंगपूरला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. चैत्रालीचं आणि त्याचं दोन वर्षांपासून ठरलं होतं. त्याच्या घरी महिनाभर अबोला झाला, आईनं दोन उपास जास्तीचे केले, आणि शेवटी होकार आला. राहिले होते आबा.

आबांनी नाही म्हटलं नव्हतं, हो पण म्हटलं नव्हतं. “जातबित बाजूला ठेव,” ते मला म्हणाले होते. “पोरगा जैन हाय, चांगली माणसं असतात. पण आपल्यात रविवारी काय शिजतं ते तुला ठावं हाय. उद्या सासऱ्याच्या पंगतीला बसायचं म्हटलं, की हा नाकाला रुमाल लावणार. असला जावई घेऊन मी काय करू?”

मी हे सन्मतीला सांगितलं. त्याचा निरोप आला, काकांना सांग, माझं तसलं काही सोवळं नाही. मी तो आबांना जसाच्या तसा सांगितला.

“बोलायला काय जातंय,” आबा म्हणाले. “चहापोह्यांवर समदी पोरं गुणाचीच दिसत्यात. रविवारी खणीत घेऊन ये. हातात रायफल दिली की माणूस कसा हाय ते मला कळतं. त्याच दिवशी काय ते सांगून टाकतो.”

म्हणजे त्या सकाळी काय ठरायचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. त्यातल्या त्यात निवांत चैत्रालीच होती. पहाटे मी वही शोधत होतो, तेव्हा ती वेणी घालता घालता म्हणाली होती, “दादा, त्याचा एकही छर्रा नाही लागला तरी मी त्याच्याशीच लग्न करणार आहे. आबांना वाटू दे, त्यांनी ठरवलं म्हणून.”

“सन्मतीला सांगितलंस हे?”

“कशाला? जरा घाबरू दे की.”

आता ती चहाचा थर्मास मांडीवर घेऊन एका दगडावर बसली होती. बोलायचं नाही या अटीवर आबांनी तिला येऊ दिलं होतं.

“बिरनाळे,” आबा म्हणाले. ते त्याला आडनावानंच हाक मारत होते. “आधी कागद. पाच-पाचचे दोन. मी पहिला, मग तू. हा आमचा शास्त्रज्ञ पंच. त्याला तसाबी मोजायचा रोग हाय.”

“चालेल, काका.”

“नळी कायम जमिनीकडं.”

“हो, काका.”

“आणि मला मुद्दाम जिंकू द्यायचं न्हाई. ते मला कळतं.”

“नाही देणार, काका.”

आबा यावर थोडं हसले. मला बरं वाटलं.

आबांनी दहा छर्रे मारले आणि शंभरातले अठ्ठ्याऐंशी घेतले. मग सन्मती रेघेवर उभा राहिला. मी त्याच्या उजव्या हाताला दोन पावलांवर होतो. पहिल्या छर्र्याआधी त्यानं तळहात पँटला पुसला. दुसऱ्याआधी पुन्हा पुसला. नळीचं टोक लहानसा गोल काढत होतं, आणि ते ठरावीक ठिकाणी आलं की तो घोडा दाबत होता. एनसीसीत त्याच्या नळीचं टोक गोल काढत नसे. पाच झाले, मी कागद बदलला, आणखी पाच झाले. मी दोन्ही कागद आणून मोजले.

“एक्क्याण्णव,” मी म्हणालो.

“कितीला जिंकला?”

“तीननं, आबा.”

“ते मला येतंय. पंचानं सांगायचं असतं म्हणून विचारलं.” आबांनी कागद हातात घेऊन सूर्याकडं धरले आणि भोकांमधून पाहिलं. “बरा हाय हात. बराच बरा हाय.”

चैत्रालीनं थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. बोलायची परवानगी नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण आबा कधी कागदावर थांबत नसत. “कागद मारायला काय, शाळेतली पोरंबी मारतात,” ते म्हणाले. “विश्वा, कोंबडा काढ.”

हा कोंबडा आबांनी गावातल्या वेल्डरकडून जाड पत्र्यात कापून घेतला होता. तुरा, चोच, शेपटीची पिसं, सगळं बेतशीर. खाली बिजागरी होती. छर्रा लागला की टण्ण आवाज होऊन तो मागं पडे, आणि रेघेपर्यंत आणलेली दोरी मी ओढली की पुन्हा उभा राही. आबांनी तो तांबड्या रंगात रंगवला होता. त्याला डोळासुद्धा काढला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी कदमसाहेब आणि आबांचे इतर निवृत्त मित्र येत, तेव्हा हा कोंबडा पाडण्यावर दुपारचं मटण कोण वाढणार ते ठरे.

मी कोंबडा गिलाव्याच्या पुढं रोवला आणि मागं आलो. सन्मती त्याच्याकडं पाहत होता.

“काका,” तो म्हणाला, “गोल काही नाही का?”

“गोल?”

“पत्र्याचं. गोल.”

“गोल कोंबडा कुठं असतो व्हय?” आबा मोठ्यानं हसले. आपल्या होणाऱ्या जावयाला विनोदही कळतो, असं त्यांना वाटलं असावं. “चल, मी दाखवतो.”

आबांनी पाचांतले चार पाडले. चौथा चुकला तो डावीकडं, बराच लांब. “वारा,” आबा म्हणाले. वारा नव्हता. मी वहीत फक्त ‘चार’ लिहिलं.

मग सन्मती उभा राहिला. त्यानं नळी मोडली, छर्रा भरला, नळी मिटली. हात पुसला नाही. रायफल खांद्याला लावली, श्वास सोडला आणि घोडा दाबला.

थप्.

टण्ण झालं नाही. छर्रा मागं मातीत गेला होता. कोंबडा उभा होता.

“वर गेला,” आबा म्हणाले. “जरा खाली धर.”

“हो, काका.”

थप्.

“खाली, खाली. छातीत धर त्याच्या.”

“हो, काका.”

थप्.

आबांनी या वेळी कमरेवर हात ठेवले. चैत्राली दगडावरून उठून उभी राहिली होती. माझ्या हातात दोरी होती आणि ती ओढायचं कामच पडत नव्हतं. चौथा छर्रा थप्. पाचवा थप्. सन्मतीनं नळी जमिनीकडं केली, रायफल आबांच्या हातात दिली आणि दोन पावलं मागं सरकला.

“सॉरी, काका.”

आबांनी रायफलीकडं पाहिलं, मग कोंबड्याकडं. त्यांनी स्वतः खांद्याला लावून एक छर्रा मारला. टण्ण. मी दोरी ओढून कोंबडा उभा केला. रायफल ठीक होती.

“होतं असं,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि आबांचा आवाज मऊ झाला की गोष्ट संपलेली असते. “मी भरतीची पोरं शिकवलीत. कागदावर वाघ. समोर जित्याचा आकार आला की हात जातो. वाईट न्हाई त्यात काही. पण असतं एकेकाचं. चैतू, चहा दे त्याला.”

चैत्राली चहा ओतू लागली. सन्मती माझ्याजवळ आला.

“शून्य लिही,” तो हळूच म्हणाला.

“मोजल्याशिवाय कसं लिहू?”

“त्यात मोजायचं काय आहे, लेका? पडला का एकदा तरी? शून्य लिही आणि वही मीट.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. शून्यात मोजायचं काही नसतं. पण एक गोष्ट मला आत टोचत होती. चुकलेले छर्रे चहूकडं जातात. पाचही वेळा आवाज एकाच ठिकाणाहून, एकसारखा आला होता. मी वही घेऊन खणीच्या भिंतीकडं गेलो.

आबांचा चुकलेला छर्रा डावीकडं हातभर अंतरावर दिसला. सन्मतीचे मला आधी दिसलेच नाहीत. कोंबड्याच्या मागं, तुऱ्याच्या बरोबर वर, ओल्या मातीत एक खड्डा होता. एका माणसानं अंगठा दाबावा तेवढा. मी गुडघ्यावर बसलो, खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि पेन्सिलीच्या टोकानं माती सरकवली. पाच छर्रे. तीन एकमेकांना चिकटून, दोन कडेला. तुऱ्याच्या टोकापासून खड्ड्याचा मध्य आठ सेंटिमीटर वर.

सर्वांत लांबच्या दोन छर्र्यांमधलं अंतर मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सव्वीस मिलिमीटर आलं.

मग मी वहीत ठेवलेले सन्मतीचे दोन्ही कागद काढून तसेच मोजले. ते काढायचं माझ्या डोक्यात कसं आलं ते आता आठवत नाही. बहुधा पाचाला पाच ताडून बघता येतील म्हणून. पहिला कागद एक्केचाळीस मिलिमीटर. दुसरा सत्तेचाळीस.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी प्रामाणिकपणे सांगतो. मला आनंद झाला. कोणत्याही प्रयोगात अचानक स्वच्छ आकडा मिळाला की होतो तसा.

“आबा!” मी ओरडलो. “हा चुकला नाही! आबा, इकडं या!”

“विश्वजित,” सन्मती म्हणाला. तो मला पूर्ण नावानं कधी हाक मारत नसे.

आबा आले. मी बोटानं खड्डा दाखवला. आबा वाकले, चष्मा कपाळावर सारला आणि करंगळी त्या भोकात घालून फिरवली.

“पाची हितंच?”

“पाचही.”

आबा सरळ झाले. “बिरनाळे, इकडं ये. धरला कुठं होतास?”

सन्मती चहाचा कप तसाच धरून आला. चैत्रालीही त्याच्या मागं आली. “तुऱ्याच्या वर, काका,” तो म्हणाला. “चार बोटं.”

“मुद्दाम?”

“हो, काका.”

“पाची?”

“हो.”

“का?”

सन्मतीनं कप जमिनीवर ठेवला. “काका, मी बाराव्या वर्षी नियम घेतलाय. महाराज गावात आले होते तेव्हा. जीव मारायचा नाही, मारायचं मनात आणायचं नाही, खेळातसुद्धा नाही.”

“ह्यो पत्रा हाय.”

“माहीत आहे, काका. पण आमच्यात पिठाचा कोंबडासुद्धा कापत नाहीत. त्यात जीव नसतो, पण कापताना मनात कोंबडाच असतो. लहानपणी प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं यायची ना? ती पण आई घेऊ द्यायची नाही.”

“बिस्किटं?”

“हो. हत्ती, ससे.”

“मग काय खायचास?”

“गोल.”

“अस्सं.” आबांनी कोंबड्याकडं पाहिलं. “आणि सोवळं न्हाई म्हणून निरोप कशाला धाडलास?”

“ते खरं आहे, काका. तुमच्या पंगतीला मी शेजारी बसून भाकरी खाईन, मला काही होत नाही. खोलीवर तीन वर्षं बसलोय, विश्वाला विचारा. हे वेगळं आहे.”

“बसलाय,” मी म्हणालो.

“मग हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही म्हणाला असता, पत्र्याच्या कोंबड्याला भितो, हा आमच्या घरात कसा निभावणार.”

“म्हणालो असतो,” आबा म्हणाले. ते पुन्हा वाकले आणि करंगळीनं भोक चाचपलं. “शप्पत सांगतो, म्हणालोच असतो.” मग ते माझ्याकडं वळले. “किती रे हे?”

“सव्वीस मिलिमीटर.”

“या खणीत असा घोस कुणी लावलेला मी बघितला न्हाई. कदमसाहेबांनी न्हाई, मी न्हाई. आणि ते बी कशावर न धरता, नुसतं हवेत.” आबांनी सन्मतीच्या खांद्यावर हात ठेवला. “सन्मती, चार बोटं तू मोजलीस कशी?”

“तुऱ्याच्या उंचीवरून, काका. तुरा दोन बोटं आहे. त्याच्या दुप्पट.”

“बघ विश्वा, अंदाज बघ! आणि तू टेप घेऊन फिरतोयस.” आबा घराकडं तोंड करून ओरडणार होते, पण घर लांब होतं. “चैतू, जा, आईला सांग. पाव्हण्यासाठी वेगळ्या तव्यावर पिठलं टाक म्हणावं. दुपारी हितंच जेवंल.”

हाच होकार होता. आमच्या घरात वेगळा तवा कुणासाठी निघत नाही. मला ते कळलं, सन्मतीला कळलं, त्याचे कान लाल झाले. मी वहीचं पान चैत्रालीपुढं धरलं. मला वाटलं, तिलाही आकडा बघायचा असेल.

“चैतू, हे बघ. कागदावर एक्केचाळीस आणि सत्तेचाळीस. आणि इथं सव्वीस! चुकवताना त्यानं कागदापेक्षा चांगली नेमबाजी केलीय. जवळजवळ पावणेदोनपट!”

चैत्रालीनं पान वाचलं. एकदा, आणि मग पुन्हा.

“म्हणजे कागदावर त्याचा हात जास्त हलत होता?” तिनं विचारलं.

“हो. मी पाहिलं ना. नळीचं टोक गोल फिरत होतं.”

“आणि कोंबड्याच्या वेळी?”

“अजिबात नाही. हात पुसायलासुद्धा थांबला नाही.”

“अच्छा.” तिनं वही मला परत दिली आणि सन्मतीकडं वळली. “कोंबडा पडला नाही तर आबा काय म्हणणार, ते तुला माहीत होतं ना?”

“हो,” सन्मती म्हणाला.

“आबांनी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं?”

“मी परत गेलो असतो.”

“आणि मी?”

सन्मतीनं बुटाच्या टोकानं मुरूम सरकवला.

“मी आबांच्या विरुद्ध जाऊन तुझ्याशी लग्न करणार होते, हे तुला माहीत होतं?”

“नाही,” तो म्हणाला.

“काय करणार होतीस?” आबा म्हणाले.

“आबा, तुम्ही थांबा जरा.” आबा थांबले. मी त्यांना असं थांबताना त्याआधी पाहिलं नव्हतं. चैत्राली सन्मतीशीच बोलत होती, आणि आवाज चढला नव्हता. चहात साखर किती विचारावी तसा होता. “म्हणजे तुझ्या हिशेबानं मी गेले होते. पहिल्या छर्र्याला गेले. मग दुसऱ्याला. पाच वेळा तू मला सोडलंस.”

“चैत्राली, तो नियम आहे. त्यात तुला सोडायचं म्हणून—”

“नियम पाळलास, ते मला आवडलं. खरंच. न पाळतास तर बरं वाटलं नसतं.” तिनं मातीतल्या भोकाकडं पाहिलं. “पण हात तरी हलायला हवा होता रे.”

तिनं थर्मास उचलला, जमिनीवरचा कप उचलला, उरलेला चहा मुरमात ओतला आणि ती घराकडं गेली.

“हिला काय झालं?” आबा म्हणाले. “मी हो म्हणालोय की.”

सन्मती जेवायला थांबला नाही. आबांनी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. मी त्याला हायवेवर एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेलो. अर्धा रस्ता मागं पडला. मग मी म्हणालो, “मी शून्य लिहायला हवं होतं.”

“हो,” तो म्हणाला.

शून्य लिहिलं असतं, तर आबांनी नाही म्हटलं असतं, चैत्राली आबांशी भांडून सन्मतीकडं गेली असती, आबा वर्षभर बोलले नसते आणि मग बोलले असते. हे सगळं मला तेव्हाच, त्या रस्त्यावर, ओळीनं दिसलं. मी ते त्याला सांगितलं नाही. त्यालाही दिसत असावं.

“आकडे बरोबर आहेत का?” थांब्यावर आल्यावर त्यानं विचारलं.

“तीनदा मोजले.”

“मग ते तिला नीट सांग. ती उलटं वाचतेय.” तो जयसिंगपूरच्या दिशेनं जाणाऱ्या गाड्यांकडं बघत होता. “कागदावर मारताना मला ती हवी होती. एकेक छर्रा तिच्यासाठी होता, म्हणून हात हलत होता. घामानं नळी हातातून निसटत होती, लेका. कोंबडा समोर आला आणि हवं-नकोचं काही उरलंच नाही. मला ठरवायचंच नव्हतं काही, ते बाराव्या वर्षीच ठरलेलं. मग हात कशाला हलेल? तिला एवढं सांग. तू सांगितलंस तर तिला पटेल, तू आकड्यांत बोलतोस.”

“सांगतो.”

“असंच्या असं.”

“असंच्या असं.”

एसटी आली. तो खिडकीशी बसला आणि त्यानं हात केला.

आबांनी त्याच आठवड्यात वेल्डरकडून सहा गोल पत्रे कापून आणले, वेगवेगळ्या मापांचे. चैत्राली जूनमध्ये नाशिकला नोकरीला गेली, पुढं तिथंच तिचं लग्न झालं. नवरा चांगला आहे, माझ्याशी जमतं त्याचं. ती गेल्यावर दोन महिन्यांनी आबांनी सन्मतीला पत्र टाकलं, फोन असून पत्र, आणि तो आला. अजून येतो. महिन्याचा पहिला रविवार, सकाळची सातची एसटी. तो गोल पत्रे पाडतो, आबा कोंबडा पाडतात, आणि दुपारी तो आबांच्या शेजारी बसून भाकरी-पिठलं खातो. त्याची बायको कधीकधी त्याच्याबरोबर मक्याचे पापड पाठवते. आबा म्हणतात, असा जोडीदार फौजेतही मिळाला नव्हता. मी आता वही नेत नाही.

पण त्या दिवशी मी थांब्यावरून सरळ घरी आलो. आई मागच्या अंगणात होती. चैत्राली स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होती. वेगळ्या तव्यावरचं पिठलं झाकून ठेवलेलं होतं. मी तिच्यासमोर बसलो आणि सन्मतीनं सांगितलेलं सगळं, शब्द न बदलता, त्याच क्रमानं सांगितलं. कागदाचं आधी, मग कोंबड्याचं. हवं-नकोचं काही उरलंच नव्हतं, ठरवायचंच काही नव्हतं, म्हणून हात हलला नाही, असं तो म्हणाला, हेही सांगितलं. ती पूर्ण ऐकेपर्यंत एक पाकळी बोटांत धरून थांबली होती.

“म्हणजे तू आकडे उलटे वाचतेयस,” मी म्हणालो. “त्याच आकड्यांचा अर्थ असा होतो.”

चैत्रालीनं पाकळी ताटलीत टाकली आणि दुसरी घेतली.

“दादा,” ती म्हणाली, “तेच तर म्हणतेय मी.”